एक लाख पळालेली ऑक्टाव्हिया आरएस घ्यावी का?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ९० हजार ते सव्वा लाख किलोमीटर पळालेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस२३०, म्हणजे ऑक्टाव्हियाचा स्पोर्टी अवतार, विकायला निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रनिंग जरा जास्तच नाही का?" विक्रेता लगेच भाव पाडतो आणि घेणाऱ्याला वाटतं, मारली बाजी. दोघांनी फक्त मीटर बघितलेलं असतं.

थोडा हिशोब करू. घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते गायमुख रांगत जाणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी १५ धरला तर ४० हजार किलोमीटरला इंजिन जवळपास २,६५० तास चालतं. पुण्याच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीची सरासरी ६० धरली तर एक लाखाला साधारण १,६५० तास होतात. क्लच, टर्बो, इंजिन माउंटिंग, कुलंटचे पाइप यांना तास कळतात आणि किती वेळा थांबून सुटलो ते कळतं. त्यामुळे हायवेचे एक लाख आमच्या मते शहरातल्या ४० हजारांपेक्षा बरे. फक्त ते खरंच हायवेचे आहेत का, हे तपासायला हवं. विक्रेत्याकडे फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. खालापूर आणि तळेगावचे टोल महिन्यातून चार-सहा वेळा दिसले तर माणूस खरं बोलतोय. बॉनेटच्या पुढच्या कडेवर बारीक खड्यांचे टोचे आणि सकाळच्या तिरक्या उन्हात काचेवर दिसणारे बारीक ठिपके, हीही हायवेचीच खूण. एक लाखाला बॉनेट आरशासारखं असेल तर ते रंगवलेलं आहे.

आधी गाडीची ओळख. आरएस२३० भारतात २०१७ मध्ये २४.६२ लाख एक्स-शोरूमला आली. २.० लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क, ६ गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२० मध्ये आरएस२४५ आली, फक्त २०० गाड्या, ३५.९९ लाखांना, ७ गिअरची. २०२५ मधली नवी आरएस ४९.९९ लाखांची होती आणि तीही १००च. म्हणजे नवी घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर, आणि जुन्या बाजारात हातात पडते ती मुख्यतः २३०. स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारं असं मानणाऱ्यांनी नाक मुरडावं. पण ५९० लिटरची डिकी, मागे तीन माणसं आणि दीड हजार आरपीएमपासून येणारी ओढ एकाच गाडीत हवी असेल तर या भावात दुसरं फारसं काही सापडत नाही.

एक लाखानंतरही इंजिनाचा जोर टिकतो, हे या गाडीचं मोठं सुख. तेल वेळेवर बदललेलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची ओढ नव्या गाडीसारखीच लागते. कंपनीचा सर्व्हिसचा अंतराल १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. आपल्या ट्रॅफिकमध्ये टर्बो गाडीसाठी तो लांब आहे. ज्या मालकाच्या फाइलमध्ये दर साडेसात ते दहा हजारांना ५.७ लिटर तेलाचं बिल आहे, फोक्सवॅगनच्या व्हीडब्ल्यू ५०२ ०० मान्यतेचं, त्याला दहा-वीस हजार जास्त द्यायला हरकत नाही.

आता दुखणी. सगळ्यात ठरलेलं दुखणं वॉटर पंपाचं. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लॅस्टिकच्या हाउसिंगमध्ये, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या) खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेले आहेत. तापून-गार होऊन प्लॅस्टिक वाकतं, जोडावरून कुलंट झिरपायला लागतं आणि गिअरबॉक्सच्या अंगावर ओघळतं. जमिनीवर थेंब पडायच्या आधीच बरंचसं सुकून जातं, म्हणून मालकालाही पत्ता नसतो. टॉर्च मॅनिफोल्डखाली तिरका धरा. गुलाबी-पांढरी, मिठासारखी खपली दिसली की गळती आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या कुलंट टाकीची पातळी खालच्या खुणेच्या जवळ असेल आणि बॉनेट उघडताच गोडसर वास आला तर आणखी बघायची गरज नाही. इलाज म्हणजे संपूर्ण हाउसिंग नवं. त्यावर सीलंट थापून दिलेली गाडी महिना-दोन महिने नीट चालते, म्हणजे बरोबर सौदा होईपर्यंत. हाउसिंग बदलल्याचं बिल फाइलमध्ये असेल तर एक लाखाच्या टप्प्यातलं मोठं काम उरकलेलं आहे असं समजा.

दुसरा भाग गिअरबॉक्स, आणि इथे घाई नको. आरएस२३० मधला डीक्यू२५० हा ओल्या क्लचचा डीएसजी, म्हणजे क्लच तेलात बुडालेले. दर ६० हजारांना तेल आणि फिल्टर बदलावाच लागतो. एक लाखाच्या गाडीत तो एकदा झालेला असायलाच हवा आणि दुसरा जवळ आलेला असणार. बिलावर डीएसजीचं तेल, जी ०५२ १८२ या क्रमांकाचं किंवा त्या मान्यतेचं, पाच-सहा लिटर आणि सोबत फिल्टर असं दिसायला हवं. "गिअर ऑइल टॉप-अप" असं लिहिलं असेल तर काम झालेलं नाही.

हे काम कसं होतं ते माहीत असलं की गॅरेजवाल्याला प्रश्न विचारता येतात. खालचा १४ मिलिमीटरचा ॲलन प्लग काढायचा, त्याच्या आत एक प्लॅस्टिकची छोटी नळी असते, ती ८ मिलिमीटरच्या ॲलनने सोडवायची, मग जुनं तेल खाली येतं. नळी परत बसवून नवं तेल खालूनच ॲडाप्टरने चढवायचं. इंजिन चालू करून स्कॅनरवर गिअर तेलाचं तापमान बघायचं. ते ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना नळीतून जादा तेल ओघळू द्यायचं आणि थेंब-थेंब झालं की प्लग लावायचा. गाडी ठाण्याहून तुर्भ्याला चालवत आणून, तेल ७० अंशांवर असताना पातळी बघितली तर तेल फुगलेलं असतं, गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतं आणि गिअरबॉक्स कायम उपाशी राहतो. पुढे दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना धक्का बसायला लागतो आणि मालक म्हणतो, "डीएसजी असाच असतो." असा नसतो.

टेस्ट ड्राइव्ह पाम बीच रोडवर देतो म्हणणाऱ्याला आधी सोसायटीच्या पोडियम पार्किंगकडे न्या. सकाळी, इंजिन गार असताना. पहिली वीस सेकंदं रेडिओ बंद, एसी बंद. सुरू होताना इंजिनातल्या टायमिंग साखळीचा दोनेक सेकंदांपेक्षा लांबलेला खडखडाट ऐकू आला तर थांबा. मग पोडियमचा रॅम्प रिव्हर्समध्ये चढवा, ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून. गाडी थरथरली तर क्लचचं किंवा मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचं काम. वर नेऊन इंजिन बंद करा. बंद होतानाचा खणखण आवाज ड्युअल-मास फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या धक्के शोषणाऱ्या जड चाकाचा. त्यानंतर ठाणे-बेलापूर रोडवर अर्धा तास रांगू द्या आणि तेल तापल्यावर पुन्हा तोच रॅम्प. गार गाडीत न दिसलेला दोष गरम गाडीत दिसतो. पाम बीच शेवटी, आणि तिथेही कॅमेरे आहेत.

रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली गाडी घ्यावी का? या गिअरबॉक्सची मूळ क्षमताच ३५० न्यूटन-मीटर धरली जाते आणि इंजिन जन्मतः तेवढंच देतं. स्टेज १, म्हणजे रिमॅपची पहिली पायरी, मारला की रोजच ती मर्यादा ओलांडली जाते. लगेच काही तुटत नाही, पण क्लचचं आयुष्य आधीच्या मालकाने मजेत खर्च केलेलं असतं आणि बिल तुमच्या नावावर फाटतं. मूळ सॉफ्टवेअर परत टाकून विकणारे बरेच असतात. इनटेकच्या पाइपवर नव्या क्लिपा, एअरबॉक्सचे खरचटलेले स्क्रू, दर वीस हजारांना बदललेले स्पार्क प्लग, मागे जाड टोकांचा सायलेन्सर, असं काही दिसलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयूवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरवर) टीडी१ची, म्हणजे सॉफ्टवेअरशी छेडछाड झाल्याची नोंद आहे का ते बघून घ्या. ती लागली की वॉरंटीचा विषय संपला आणि भाव करायला तुम्हाला मुद्दा मिळाला.

चाकांकडे आपल्याकडे जास्त वेळ द्यावा लागतो. टायर २२५/४० आर१८, म्हणजे बाजू अगदी बारीक. खड्ड्यात गेलं की मार थेट रिमला. रिम बाहेरून चकचकीत करून देतात, वाकलेली कड आतून असते. गाडी लिफ्टवर चढवून प्रत्येक चाक हाताने फिरवा आणि आतली कड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाजवळून जाऊ द्या. अंतर कमी-जास्त झालं की रिम वाकडं. टायरच्या बाजूवरचा फुगवटा म्हणजे टायर बाद. चार आकडी तारीख बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो टायर पावसाळ्यात नको. खालच्या आर्मचे बुश, लिंक रॉड आणि स्ट्रट माउंटिंग एक लाखाला एकदा व्हायचेच. पेव्हर ब्लॉकवरून २० च्या वेगाने जाताना पुढून टकटक आली तर खर्च माफक आहे, घाबरू नका. मागच्या शॉकमधून तेल ओघळत असेल तर मात्र जोडी बदलावी लागते.

सीट, बटणं, स्टिअरिंगचं चामडं याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. टिकतात.

मीटर फिरवलेलं आहे का, हा प्रश्न उरतोच. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत एक सोय आहे. कुठल्याही मोड्यूलमध्ये फॉल्ट नोंदला गेला की त्यासोबत त्या वेळचं किलोमीटर साठतं. पूर्ण स्कॅन घेतला आणि मीटरवर ८२,००० असताना एखाद्या जुन्या फॉल्टपुढे १,१४,००० दिसले, की चहा पिऊन निघायचं. आणि स्कॅनमध्ये एकही जुना फॉल्ट नाही, सगळं धुऊन काढलेलं आहे, तर ते का पुसलं हे विचारायचं.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. ड्रायव्हर सीटच्या रुळाचे बोल्ट, स्टेपनीचा खळगा आणि कार्पेटखालचे कनेक्टर बघा. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो, गाडी तरीही चालते. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्के खाली दिसला तर सौदा सोडा. विम्याचे कागदही बोलतात: पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य असेल तर मागच्या वर्षी क्लेम झालेला असू शकतो. कसला, ते विचारा. रंगाची जाडी मोजणारं छोटं मीटर गॅरेजवाल्याकडे असतं; कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन, ३०० च्या पुढे गेलं की खाली पुट्टी.

याच पैशात इतर काही खुणावत असतं. पोलो जीटी टीएसआयचा १.२ वाला अवतार गोड गाडी आहे, पण त्यातला डीक्यू२०० कोरड्या क्लचचा. मेकॅट्रॉनिकमध्ये दाब साठवणाऱ्या भागाची बैठक तडकते, पी१८९सी हा फॉल्ट कोड येतो आणि गाडी भर चौकात गिअर सोडते. २, ४, ६ आणि रिव्हर्स एकत्र गेले तर एका क्लचची बाजू, १, ३, ५, ७ गेले तर दुसऱ्याची. मेकॅट्रॉनिक बदलल्याचं बिल असेल तरच घ्या. जुनी पोर्शे बॉक्सटर किंवा केमन स्वस्तात दिसते तेव्हा आधी साल बघा: २००९ च्या आधीच्या इंजिनांत आयएमएस (इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या) बेअरिंगची भीती, आणि ३.४ लिटरच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. बोरस्कोप (नळीवरचा छोटा कॅमेरा) घालून भिंती बघितल्याशिवाय टोकनही देऊ नये. त्यात आयात गाडीची १५ वर्षांनंतरची नोंदणी. २०२२ पासून २० वर्षांच्या आतल्या साध्या कारला नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे, आयात कारला ४०,०००.

आरएसला किती द्यायचे, यावर आमचा ठोकताळा असा: ठरलेल्या किमतीच्या २० ते २५ टक्के बाजूला ठेवूनच सौदा करा. ते पैसे नसतील तर ही गाडी तुमची नाही, मीटरवर ३० हजार असले तरी. सीवूड्सच्या एखाद्या बेसमेंटमध्ये चार वर्षं झाकून ठेवलेली कमी रनिंगची गाडी त्याहून महाग पडू शकते. खाडीच्या दमट हवेत डिस्क गंजतात, रबरं कडक होतात, टायर एका जागी चपटे होतात, आणि "वर्षाला दोन हजारच पळाली" म्हणून तेलही बदललेलं नसतं.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन तेल, डीएसजी तेल-फिल्टर, कुलंट, ब्रेक ऑइल आणि स्पार्क प्लग, सगळं एकदम करून नवीन फाइल सुरू करा. आणि टोकन देण्याआधी त्या नंबरचे ई-चलान काढून बघा. स्पोर्टी गाड्यांवर अटल सेतू आणि एक्सप्रेसवेची वेगाची चलानं साचलेली असतात, एमएच-०४ ची असो की एमएच-४३ ची. ती विक्रेत्याकडून भरून घ्या, कर्ज होतं तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ घ्या, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही तुमच्यासमोर. एजंट "नंतर करून देतो" म्हणाला तर शेवटचे पन्नास हजारही नंतरच द्या.