नऊ महिने ट्रेकिंग पोल वापरल्यावर: वैजनाथच्या डोंगरापासून कुद्रेमुखपर्यंत

गेल्या जूनमध्ये, पाऊस लागायच्या आत, ट्रेकिंग पोलच्या दोन जोड्या घेतल्या. एक माझी, एक यांची. आता मार्च लागलाय. मधल्या काळात या काठ्या बेळगावजवळच्या वैजनाथच्या डोंगरावर पंधरा-वीस वेळा चढल्या-उतरल्या, कणकुंबीच्या बाजूला भर पावसात भिजल्या, नोव्हेंबरात कर्नाटकातल्या कुद्रेमुखला गेल्या आणि जानेवारीत अणशीच्या जंगलात. घेताना मला जे विचारायचं होतं ते सांगणारं माझ्या वयाचं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. वय ५७, उंची पाच फूट एक इंच, उजव्या गुडघ्याची झीज सुरू झालेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालणं सोडू नका, फक्त उतार जपून उतरा.

बेळगावात सुट्टी म्हटली की चोर्ला घाट उतरून गोवा, नाहीतर आंबोली. कुद्रेमुखचं नाव आमच्या घरी कित्येक वर्षं नुसतं निघत होतं. यांची निवृत्ती झाली आणि मी ठरवलं की जायचं, पण धावपळ करायची नाही. शांतपणे राहायचं, थोडं चालायचं, पुन्हा येऊन बसायचं. काठ्या घेतल्या त्या याच बेतासाठी.

माझी जोडी ॲल्युमिनियमची, तीन भागांची, बाहेरून खटका दाबून बंद करायच्या लॉकची. मुठीला कॉर्क आहे. जोडीला २,४०० रुपये पडले, वजन दोन्ही मिळून अर्धा किलोच्या आसपास. यांनी सातशे रुपये वाचतात म्हणून आतून पीळ देऊन घट्ट करायची जोडी घेतली. मूठ रबराची. दोन्ही काठ्या शेजारी शेजारी वापरल्यामुळे फरक चांगला कळला, आणि तो सातशे रुपयांपेक्षा फार मोठा आहे.

पहिला महिना मी काठ्या चुकीच्या धरत होते. मुठीला जो पट्टा असतो त्यात हात वरून घालायचा असं वाटतं, पण तो खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. म्हणजे भार मनगटाखालच्या पट्ट्यावर येतो, बोटं आवळावी लागत नाहीत. हे कळेपर्यंत रोज संध्याकाळी कोपराखाली हात दुखायचा. लांबीचंही तसंच. सपाटीवर उभं राहून काठी टेकवली की कोपर काटकोनात आलं पाहिजे. माझ्या उंचीला ते १०५ सेंटीमीटरला जुळतं, यांना ११५ लागतं. चढाला पाच सेंटीमीटर कमी करायची, उताराला पाच ते दहा वाढवायची. उतरताना वाढवायचा कंटाळा करू नका. उतरताना प्रत्येक पावलाला सगळं वजन गुडघा आणि मांडीचे स्नायू अडवून धरतात. काठी आधी खाली टेकली की त्यातला काही भाग खांद्यावर आणि हातांवर जातो. आखूड काठीनं पुढे वाकावं लागतं आणि फायदा तिथेच संपतो.

सराव देवरवाडीकडून वैजनाथला. वरून राकसकोपचा तलाव दिसतो, पाऊस पडून गेलेला असला की पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं असतं. वाटेत डोक्यावर मोळी घेऊन येणारी एक आजी भेटायची. दुसऱ्या की तिसऱ्या वेळी थांबून म्हणाली, "काय ओ बाई, दोन-दोन काठ्या कशाला?" मी एक तिच्या हातात दिली. मोळी न उतरवता ती दहा-बारा पावलं खाली चालली, काठी नीट पुढे टेकवत, मला महिनाभर जमलं नव्हतं तशी. परत देताना म्हणाली, "एक बास हाय. दुसऱ्या हातानं मोळी धरायची तर." तेव्हापासून सोप्या वाटेवर मीही एकच वापरते, दुसरी सॅकला बांधून.

ऑगस्टमध्ये कणकुंबीला गेलो. माउली देवीचं दर्शन घेतलं, मलप्रभेचा उगम पाहिला आणि पुढे चोर्ल्याच्या दिशेनं जांभ्या दगडाच्या सड्यावर चालायला निघालो. पाऊस असा की बोलणं ऐकू येत नव्हतं. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं. काठीचं कार्बाइडचं टोक तिथे खरवडून धरतं, पण काठी तिरकी पडली तर सरकते, उभीच टेकवायची. त्या दिवशी यांच्या काठीचं खालचं लॉक सुटलं. भार पडला आणि काठी चार बोटं आत गेली. तोल गेला, गुडघा दगडावर आपटला. नशिबानं फक्त सालटं निघालं. पीळ परत घट्ट केला, थोड्या वेळानं परत तेच. आतला प्लॅस्टिकचा तुकडा ओला झाला की नुसता फिरतो, पकडत नाही. दुकानात घेऊन गेलो तर पाण्यात वापरली म्हणून वॉरंटी नाही म्हणाले. डोंगरात चालायची काठी पावसात वापरायची नाही, हे विकताना सांगायला हवं होतं. मला याचा अजून राग आहे.

याच फेरीत माझ्या काठ्यांच्या टोकांवरच्या दोन्ही रबरी टोप्या चिखलात राहिल्या. टोपी नुसती दाबून बसवलेली असते, चिकट मातीत काठी रुतली की काठी वर येते आणि टोपी खाली राहते. मातीच्या वाटेवर त्या काढून खिशात ठेवायच्या.

घरी आल्यावर काठ्या ओल्याच दाराआड उभ्या केल्या, ही चूक माझी. आठ दिवसांनी उघडायला गेले तर मधला भाग हलेना. कसाबसा ओढून काढला तेव्हा सांध्याच्या जागी पांढऱ्या भुकटीचं कडं दिसलं, पिठासारखं, बोटाला लागणारं. ॲल्युमिनियम ओलाव्यानं असं होतं. भांडी घासायच्या मऊ घासणीनं पुसून काढलं, कोरडं केलं, मग बसलं. तेव्हापासून पावसातून आलं की तिन्ही भाग सुटे करून फडक्यानं पुसते आणि रात्रभर पंख्याखाली ठेवते. तेल अजिबात लावायचं नाही, लॉक निसटतं. खटक्याचा स्क्रू मात्र दर महिन्याला थोडा आवळावा लागतो.

आता कुद्रेमुख. बेळगावहून कुद्रेमुखजवळच्या कळस गावाला हुबळी, शिवमोग्गा, शृंगेरी असं जायचं तर चारशे किलोमीटरहून जास्तच धरा. एका दिवसात जाता येतं, पण मग पोचल्यावरचा दिवस अंगदुखीत जातो. आम्ही शिवमोग्ग्याला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी शृंगेरीला शारदांबेचं दर्शन, तुंगेच्या घाटावर माशांना चुरमुरे टाकणारी पोरं बघत तासभर बसलो आणि दुपारी चारला मुक्कामी पोचलो.

राहायला कॉफीच्या मळ्यातलं एक होमस्टे घेतलं होतं, सलग चार रात्री, जागा न बदलता. यात मी कुणाचं ऐकलं नाही. रोज बॅग भरून नवीन ठिकाणी जायचं म्हणजे विश्रांती कसली? फोनवर मी चार गोष्टी विचारून घेतल्या: खोली तळमजल्यावर आहे का, संडास बसायचा की कमोडचा, अंघोळीला गरम पाणी सकाळी किती वाजता, आणि गाडी दारापर्यंत येते का. शेवटचं विचारलं म्हणून बरं. दुसऱ्या एका ठिकाणी गाडी खाली ठेवून जवळपास शंभर पायऱ्या होत्या. आमची कन्नड हुबळी-धारवाडच्या वळणाची, त्यांची मलनाडची, पण मालकीणबाईंनी समजून घेतलं. लाकडं घालून तापवलेल्या हंड्याचं पाणी, सकाळी तांदळाची भाकरी आणि नारळाची चटणी. मी कुंदा नेला होता, तो त्यांच्या घरात पहिल्यांदाच गेला.

ट्रेकला वनखात्याची परवानगी आधी ऑनलाइन काढावी लागते आणि दिवसाला माणसं मोजूनच सोडतात. शनिवार-रविवार टाळा. आम्ही बुधवार घेतला. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं वाट बंद ठेवतात, भर पावसात जळवा, म्हणून नोव्हेंबर आम्हाला बरा पडला. कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात रात्री तंबू ठोकता येत नाही, संध्याकाळच्या आत खाली यावंच लागतं. म्हणजे मुक्काम कुठे, यावर सगळा बेत उभा असतो. मुळ्ळोडीपर्यंत जीप, पुढे शिखर एका बाजूनं दहा किलोमीटरच्या आसपास, तेवढंच परत. शिखराची उंची १,८९० मीटरच्या घरात. तरुण मुलं एका दिवसात करून येतात.

आम्ही पहिला दिवस मळ्यातच फिरलो, ट्रेक दुसऱ्या दिवशी ठेवला. निघतानाच गाईडला सांगितलं होतं की दुपारी बाराला जिथे असू तिथून परत फिरायचं. तो आमच्या मुलाच्या वयाचा. झरा ओलांडताना मी थांबले की मागे वळून म्हणायचा, "निधान, अम्मा, निधान." सावकाश. चार-पाच झरे लागतात. तिथे दोन काठ्यांचं मोल कळतं. पाण्याखालचा दगड आधी काठीनं चाचपायचा, हलत नाही ना बघायचं, मग पाय ठेवायचा. यांच्या पीळवाल्या काठ्या इथे मी सॅकला बांधायला लावल्या आणि माझ्यातली एक दिली.

ओंटिमर म्हणून एक ठिकाण आहे, एकटं झाड. तिथे उभं राहिलं की समोर गवताचे डोंगर एकामागे एक, आणि दोन डोंगरांच्या खाचेत तेवढंच दाट, काळपट रान. याला शोला म्हणतात. वरच्या उघड्या गवतावर पडलेला पाऊस जिरून या खाचांतून झऱ्यांनी वर्षभर उतरत राहतो. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती इथल्याच डोंगरांत उगम पावतात. १९८७ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा यातच लोहखनिजाची खाण चालू होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २००५ च्या शेवटी ती थांबली. हे मला माहीत होतं, पण त्या गवताकडे बघताना पहिल्यांदा पोटात कालवलं की हे सगळं खणलं गेलं असतं.

ओंटिमरच्या थोडं पुढे जाऊन आम्ही धपाटे आणि दही-चटणी खाल्ली आणि फिरलो. शिखर पाहिलं नाही, ज्यावरून कुद्रेमुख नाव पडलं तो घोड्याच्या तोंडासारखा उतार लांबून बघितला. मला एका क्षणाचंही वाईट वाटलं नाही. उतरताना काठ्या ११० ला केल्या. खाली जीपपाशी पोचले तेव्हा गुडघा थोडा गरम होता, सुजला नव्हता. रात्री शेकला, सकाळी जिना चढून गच्चीवर चहा घेतला. एरवी बेळगावजवळच्या राजहंसगडाचा उतार उतरले की दुसऱ्या दिवशी मी भिंतीला धरून चालायची.

तिसरा दिवस मुद्दाम मोकळा ठेवला होता. होरनाडूला अन्नपूर्णेश्वरीचं दर्शन, तिथलं जेवण, दुपारी झोप. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी चारशे किलोमीटर गाडी चालवायची नसते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मागच्या काही सहली चांगल्या झाल्या असत्या.

अणशीबद्दल थोडक्यात. घरापासून जवळ, काली व्याघ्र प्रकल्पाचाच भाग, राहायला नेचर कॅम्प. वाटा बऱ्याच सपाट, गाईडबरोबरच चालायचं. इथे काठीचा एक तोटा कळला. कार्बाइडचं टोक दगडावर टक-टक वाजतं आणि पुढचे सगळे पक्षी उडून जातात. नवीन रबरी टोप्या लावल्यावर अर्ध्या तासात धनेशाची जोडी दिसली, अगदी वाटेवरच्या झाडावर. नराच्या पंखांचा आवाज तर आधी ऐकू आला, कुणी जाड कापड झटकावं तसा.

घ्यायची झाली तर खटक्याच्या लॉकचीच घ्या, कॉर्कची मूठ घ्या. घामानं ती काळी पडते, पण हात घसरत नाही. यांची रबरी मूठ उन्हात चिकट होते. कार्बनच्या हलक्या काठ्या आमच्यासारख्यांना नकोत. ॲल्युमिनियम वाकतं आणि परत सरळ करता येतं, कार्बन तुटतं. घडी करून माझी काठी ६५ सेंटीमीटरची होते, बसच्या वरच्या रॅकवर बसते, हँडबॅगेत बसत नाही. जास्तीच्या टोप्या सुरुवातीलाच दोन जोड्या घ्या, इथे सुट्या मिळायला मला सहा दुकानं फिरावी लागली.

यांनी परवा खटक्याची जोडी मागवली. जुनीतली एक काठी लॉकच्या जागी स्क्रू मारून कायमची ११० वर पक्की केली आहे. येत्या रविवारी देवरवाडीला जाऊ तेव्हा ती आजी भेटली तर तिला द्यायची आहे.