डिचोलीचं कौलारू घर आणि आमचे दोन लाख

अकरा वर्षं आम्ही गोव्यात, फोंड्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतोय. मी प्राथमिक शाळेत शिकवते, नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. फ्लॅटचे दर ऐकून आम्ही तो विचार सोडला होता. म्हणून एजंटने डिचोली तालुक्यातल्या एका गावातलं जुनं घर अडतीस लाखांत दाखवलं, तेव्हा दोघांनाही पहिल्या दिवसापासून ते आपलं वाटायला लागलं. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे सोपो म्हणजे ओसरी, मधे राजांगण म्हणजे घरातलं चौकोनी अंगण, मागे विहीर. आयुष्यात प्रथमच आमच्या तुळशीला अंगण मिळणार होतं.

घराला मोठी दुरुस्ती लागणार हे आम्हाला ठाऊक होतं, एजंटने ते लपवलं नाही. त्याने लपवलं ते दुरुस्तीचं खरं माप, आणि ते लपवायची पद्धत मला इथे नीट सांगायची आहे.

मार्च महिना होता. भिंतींना नुकताच पिवळा रंग दिलेला, आणि आतल्या तिन्ही खोल्यांना पांढरं पीव्हीसीचं फॉल्स सिलिंग. बाकी घर इतकं जुनं असताना सिलिंग नवं का, हा प्रश्न मला पडला होता. "भाडेकरूंसाठी केलं होतं, उंदीर-पालींचा त्रास नको म्हणून," असं उत्तर मिळालं आणि मी ते मानलं. दुरुस्तीचा अंदाज द्यायला मेस्त्री एजंटनेच आणला. तो शिडीवरून सिलिंगच्या एका फटीतून आत डोकावला, दहा मिनिटांत खाली उतरला आणि म्हणाला, दोन-तीन वासे बदलावे लागतील, बाकी शाकारणी आणि मागच्या भिंतीला प्लास्टर. सगळं मिळून सहा लाख. एजंट हसून म्हणाला, "बाब, कौलां परतून रंग मारलो काय घर नवें." नवऱ्याने तिथेच वहीत अडतीस अधिक सहा असा हिशेब मांडला.

बँकेत जाऊ का, असं मी विचारलं होतं. त्यावर एजंट म्हणाला, जुन्या कौलारू घराला बँका कर्ज देत नाहीत, उगाच दोन महिने जातील आणि दुसरं गिऱ्हाईक पुढे येईल. आता कळतं की बँकेच्या वकिलाने कागद तपासले असते तर सगळं तिथेच उघड झालं असतं. आम्ही माझ्या भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली, सासूबाईंनी पाटल्या मोडल्या, आणि एप्रिलमध्ये पाच लाख बयाणा देऊन करार केला. करार फक्त नोटरीकडे केलेला होता, उपनिबंधकाकडे नोंदवला नव्हता. त्यात दोन वाक्यं होती जी मी वाचली, पण त्यांचं वजन मला कळलं नाही. घर "जसं आहे तसं" घेत आहोत, आणि खरेदीदार मागे फिरला तर बयाणा परत मिळणार नाही. खरेदीखताला जुलैअखेरची तारीख ठरली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. गोव्याचा पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या घरात, आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत पडतो. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रविवारी आम्ही माझ्या मामांना घर दाखवायला नेलं. मामांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलंय. किल्ली शेजाऱ्यांकडे होती. दार उघडल्याबरोबर ओल्या मातीचा वास आला. पिवळा रंग फुगून त्याचे पोपडे निघाले होते आणि सिलिंगच्या सांध्यांतून थेंब पडत होते. मामांनी काही न विचारता सिलिंगच्या दोन पट्ट्या सरकवल्या आणि टॉर्च मारली.

वर वाळवीच्या मातीच्या नळ्या वाशांवरून आढ्यापर्यंत गेलेल्या होत्या. मामांनी स्क्रूड्रायव्हर एका तुळईला टेकवून दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. "हांगा लाकूड उरूंक ना, भुसो उरला," एवढंच ते म्हणाले आणि खाली येऊन सोप्यावर बसले. दोन-तीन वाशांचा प्रश्न नव्हता, पूर्ण छप्पर उतरवायला लागणार होतं. मग त्यांनी मागची भिंत हातोडीने ठोकून पाहिली, तर पोकळ आवाज येत होता. ती भिंत चिऱ्यांची नव्हतीच, मातीची होती, वर सिमेंटचा गिलावा चढवलेला. मामांनी सांगितलं की मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की आतला ओलावा बाहेर पडू शकत नाही, तो आतच मुरतो आणि भिंत आतून ढासळायला लागते. ज्याने तो गिलावा केला त्याला ते माहीत असणारच. पुढच्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या मेस्त्रीने सगळं मोजून साडेसतरा लाखांचा आकडा दिला.

त्या रात्री नवरा जेवला नाही. तरीही पहिले तीन-चार दिवस आम्ही घर सोडायचा विचार करत नव्हतो. हळूहळू दुरुस्ती करू, आधी दोन खोल्या, मग बाकी, असंच बोलत होतो. पाच लाख अडकलेले असले की माणूस असाच हिशेब करतो. दुरुस्तीचा परवाना किती दिवसांत मिळतो हे विचारायला म्हणून मी पंचायतीत गेले. सचिवांनी फॉर्म एक-चौदा, म्हणजे आमच्याकडचा सातबारासारखा जमिनीचा उतारा, पाहिला आणि विचारलं, "बाकीच्यांची संमती कुठे आहे?"

कब्जेदाराच्या रकान्यात तीन भावांची नावं होती. विकणारा त्यांतला एक. एजंटने आम्हाला सांगितलं होतं की बाकी दोघं मुंबईला स्थायिक झाले आहेत, हक्क सोडलाय, नावं नुसती उरली आहेत. त्यावर पुरावा म्हणून दाखवली होती घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल, दोन्ही विकणाऱ्याच्या नावावर. घरपट्टी कोण भरतो यावरून घर कोणाचं हे ठरत नाही, हे मला वकिलांकडे गेल्यावर कळलं. फॉर्म एक-चौदासुद्धा मालकीचा अंतिम पुरावा नाही. पण त्यात नाव असलेल्यांना डावलून कोणी पूर्ण घर विकू शकत नाही. हक्क सोडल्याचा दस्त नव्हता, वाटणी झाली नव्हती, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटून देणारी गोव्यातली कायदेशीर प्रक्रिया, कधी केलीच नव्हती. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी असते. म्हणजे तिघा भावांबरोबर त्यांच्या बायकांच्याही सह्या हव्या होत्या. आम्ही अडतीस लाख दिले असते तर आमच्या हातात फार तर एक अविभक्त वाटा आला असता, आणि कौलं उतरवायची परवानगीही मिळाली नसती.

वकिलांनी आणखी एक विचारलं. मागच्या खोपीत कोण राहतं? तिथे एक म्हातारी राहत होती, "कामाला होती, जाईल" असं एजंट म्हणाला होता. ती मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारी, ठरली तर १९७५च्या मुंडकार कायद्याने तिला काढता येत नाही, उलट तिचं घर आणि भोवतालची जागा विकत घ्यायचा हक्क तिला असतो. आणि तो तिला असायलाच हवा, असं मला वाटतं. आम्ही तिच्याशी एकदा तरी बोलायला हवं होतं.

२०२२ साली जमिनी बळकावण्याच्या प्रकरणांसाठी सरकारने विशेष तपास पथक नेमलं, तेव्हाच्या बातम्या मी वाचल्या होत्या. खोटे दस्त, मेलेल्यांच्या सह्या. त्यामुळे माझं सगळं लक्ष कागद बनावट आहेत का याकडे होतं. आमच्या व्यवहारातला एकही कागद बनावट नव्हता. जे कागद हवे होते ते नव्हतेच, आणि जे लाकूड बघायला हवं होतं ते झाकलेलं होतं.

वकिलांनी नोटीस पाठवली. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साध्या काळजीने दिसणार नाहीत असे मोठे दोष विकणाऱ्याने सांगितले पाहिजेत, हा आमचा मुद्दा होता. उत्तर आलं "जसं आहे तसं". कोर्टात वर्षं जातील म्हणून आम्ही तडजोड केली. पाचपैकी तीन लाख तीन चेकने परत आले, शेवटचा दिवाळीनंतर. सासूबाईंच्या पाटल्या परत करता आल्या नाहीत.

जुनं घर बघणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरवू नका, एक पाऊस जाऊ द्या. थांबायला तयार नसलेल्या विक्रेत्याला सोडून द्या. सिलिंग असेल तर ते उघडू द्या अशी अट घाला, आणि मेस्त्री स्वतःचा न्या, त्याची मजुरी स्वतः द्या. सर्व्हे नंबर आधीच मागून घ्या, फॉर्म एक-चौदा सरकारच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो. बयाण्याआधी वकिलांना मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यायला सांगा, आणि सगळ्या सहमालकांच्या सह्या आल्या नाहीत किंवा पंचायतीने परवाना नाकारला तर बयाणा पूर्ण परत, असं करारात लिहून घ्या. आमच्या वकिलांची फी दोन लाखांच्या कितीतरी आत होती.

गेल्या महिन्यात शाळेतल्या एका शिक्षिकेने मला मोबाईलवर घराचे फोटो दाखवले, "बघ ना, कसं आहे, बजेटमध्ये बसतंय." तोच सोपो, तेच राजांगण. भिंतींना या वेळी आकाशी रंग, आणि सिलिंग पुन्हा पांढरं शुभ्र. मी तिला तिथेच बसवून सगळं सांगितलं आणि मामांचा नंबर दिला.