दा नांगमधील पंच्याऐंशी दिवस : समुद्र उत्तम, पण खोलीतील ओल आधी समजून घ्या

व्हिएतनाममधील दा नांग या समुद्रकाठच्या शहरात ६ सप्टेंबर ते २९ नोव्हेंबर असे पंच्याऐंशी दिवस एकटीने राहून मी नुकतीच सांगलीला परतले. नव्वद दिवसांचा ई-व्हिसा, पंचवीस डॉलर शुल्क, आपल्यापेक्षा दीड तास पुढचे घड्याळ आणि हान नदीवरचा आग ओकणारा ड्रॅगन पूल यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. मला लिहायचे आहे ते ओलीविषयी, कारण माझ्या मुक्कामाचा निम्मा काळ तिच्याशी झगडण्यात गेला आणि त्यात चूक बरीचशी माझीच होती.

मी खोली घेतली ती ‘मी खे’ नावाच्या किनाऱ्याजवळच्या आन थुओंग भागात, चौथ्या मजल्यावर, महिना सत्तर लाख डाँगला, म्हणजे सुमारे तेवीस हजार रुपयांना. हंगाम संपताना भाडे उतरते म्हणून मी मुद्दाम सप्टेंबर निवडला होता. पहिले दोन आठवडे खरोखर सुखाचे होते. पहाटे पाचला सारे गाव पाण्यात उतरलेले असे आणि साठी ओलांडलेल्या बायका तिथे एकट्याने निःशंक पोहत असत, हे पाहून मलाही धीर आला. त्या दिवसांत कोणी विचारले असते तर मी या मुक्कामाला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

सप्टेंबर सरता सरता पाऊस आला. आपल्याकडचा मोसमी पाऊस परतू लागतो, तेव्हा तिथे ईशान्येकडून येणारे वारे समुद्रावरचे बाष्प घेऊन किनाऱ्यामागच्या डोंगररांगेवर आदळू लागतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच तिथले सर्वांत ओले महिने ठरतात. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणारे ते शहर, आणि मी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतली. समुद्रावर लाल बावटे लागले, पोहणे बंद झाले, ते मी समजून घेतले. परंतु आठवड्याभरात कोल्हापुरी चपलांवर पांढरी बुरशी आली, धुतलेली साडी तीन दिवस वाळेना, पलंगामागची भिंत काळी पडली आणि घरून नेलेल्या हळदीच्या पुडीच्या गुठळ्या झाल्या. आमचे घर हळदीच्या व्यापारातले असल्यामुळे बाकी सारे सोसले, पण हळदीच्या गुठळ्या काही मला सोसवल्या नाहीत.

ओल घालवायची तर वारा खेळता ठेवायचा, या समजुतीने मी दिवसभर खिडक्या उघड्या ठेवत असे आणि रात्री एक खिडकी अर्धी उघडी ठेवून एसी लावत असे. घरमालकीण आली की न बोलता खिडक्या लावून घेई आणि रिमोटवरच्या थेंबाच्या चिन्हाकडे बोट दाखवी. वीज ती चार हजार डाँग युनिटने, म्हणजे तेरा-साडेतेरा रुपयांनी लावत होती, त्यामुळे बिल वाढवण्यासाठीच हा आग्रह असावा असे माझ्या मनाने घेतले. ऑक्टोबरचे २१२ युनिटांचे बिल आठ लाख अठ्ठेचाळीस हजार डाँग आले, तेव्हा मोबाइलवरच्या भाषांतराच्या आधाराने आमचे चांगलेच वाजले. त्या रात्री मी या खोलीविषयी जे लिहून ठेवले होते, ते आता खोडले आहे.

उलगडा झाला तो दादाशी फोनवर बोलताना. मी तक्रारींचा पाढा वाचला, तेव्हा तो म्हणाला, "अगं, ओल बाहेरनं येतीय तिथं खिडकी उघडून कसं भागंल? हरिपूरचं पेव कधी उघडं ठेवलंय का आपण?" सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीतल्या कोठारांमध्ये, वर्षानुवर्षे हळद टिकत असे ती तोंड हवाबंद लिंपल्यामुळे, हे मी लहानपणापासून पाहिले होते. महापुरांनी त्यांतली बरीच पेवे निकामी केली, पण त्यांमागचे शहाणपण मला परदेशात जाईपर्यंत कधी वापरावे लागले नव्हते. एसीने गार झालेल्या भिंतीला बाहेरची उबदार, दमट हवा लागली की तिच्यातले पाणी भिंतीवर सुटते. मी रोज तेच घडवून आणत होते.

दुसऱ्या दिवसापासून खिडक्या बंद आणि एसी थेंबाच्या चिन्हावर. या पद्धतीत पंखा संथ फिरतो, गार नळ्यांवर हवेतले बाष्प जमते आणि पाणी नळीवाटे बाहेर जाते. साडी एका रात्रीत वाळू लागली. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, कपाटाची दारे किलकिली ठेवली आणि चपला वर्तमानपत्रात गुंडाळल्या. नोव्हेंबरमध्ये पाऊस तेवढाच असूनही १५८ युनिट जळले, म्हणजे सातशे रुपये वाचले. घरमालकिणीची मी क्षमा मागितली. तिने हसून गरम फो, म्हणजे तिथले शेवयांचे सूप, आणून दिला, तरी काळ्या भिंतीच्या रंगासाठी अनामतीतून तीन लाख डाँग कापून घेतलेच. डाग अर्धा जुना होता, त्यामुळे एवढी कपात मला आजही मान्य नाही. खोलीत पाऊल टाकताच भिंतींची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवा.

पुन्हा जाणार आहे, तीच खोली घेणार आहे, मात्र मार्च ते ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत, भाडे दोन हजार रुपयांनी अधिक पडले तरी चालेल. आणि या वेळी हळदीची पूड न नेता वाळलेली हळकुंडे आणि लहान खलबत्ता नेणार आहे.