बेळगावकडची पंचायत आणि चंदगडकडची पंचायत

आमच्या बेळगाव तालुक्यात पंचायत म्हटलं की बऱ्याचदा तीन-चार गावं एकत्र, कारण कर्नाटकच्या 1993 च्या कायद्यात साधारण 5 ते 7 हजार लोकसंख्येला एक ग्रामपंचायत, मग ऑफिस मोठ्या गावात आणि बारक्या वाडीच्या म्हाताऱ्यांनी तिथंवर जायचं. पलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगडला गाव छोटं असलं तरी बहुतेक ठिकाणी स्वतःची पंचायत, सरपंच थेट लोक निवडतात, आमच्याकडं मेंबर अध्यक्ष निवडतात. तिकडं ग्रामपंचायत अधिकारी (2024 पर्यंत ग्रामसेवक म्हणायचे), इकडं पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. महसुलात गावांच्या गटाला तिकडं मंडळ, इकडं होबळी. सातबारा मराठीत मिळतो, आमचा उतारा कन्नडमधी, तो वाचून घ्यायला माणूस शोधावा लागतो. मला तर चंदगडचंच बरं वाटतं, पंचायत दाराशी पाहिजे.