पायलटचा गॉगल, 18,149 रुपये आणि मी गाढव

आधीच सांगतो, हसायचं असेल तर हसून घ्या. घरी सगळ्यांचं हसून झालंय. बायको अजूनही मी घराबाहेर निघालो की "गॉगल घेतला का?" विचारते. पण मला गॉगल विकून फसवणारा माणूस नागपुरातच अजून फिरून राहिला आणि त्याची जाहिरात कालही माझ्या मोबाईलवर आली, म्हणून लिहितोय.

माझ्या भाचीला पायलट ट्रेनिंगला ॲडमिशन मिळाली, गोंदियाला, बिरसीला. आमच्या खानदानात विमानात बसलेले लोकच मोजून पाच-सहा, त्यात ही चालवणार, म्हटलं मामाने काहीतरी चांगलं द्यायला पाहिजे. घड्याळ तिच्या काकाने आधीच दिलं होतं (त्या माणसाला नेहमी पहिलं यायचं असतं). मग गॉगल. पायलट म्हटलं की गॉगल आलाच ना. आणि टिकाऊ पाहिजे, आयुष्यभर राहील असा, ही माझी अट. इथूनच खड्डा सुरू झाला.

इन्स्टावर जाहिरात दिसली, "पायलट ग्रेड, एअरफोर्स सरप्लस, ओरिजिनल अमेरिकन, पोलराईज्ड" (पोलराईज्ड म्हणजे चमक मारणारी काच). आता तुम्ही म्हणाल की आर्मीवाला बनून गाडी विकणारे सगळ्यांना माहीत आहेत, मग तू कसा फसला? मलाही माहीत होते हो. म्हणूनच मी मेसेज केला की आधी माल हातात पाहीन, मग पैसे. तर तो पठ्ठ्या म्हणाला, "या ना काका, शंकरनगर चौकात भेटू." जो माणूस समोर येऊन भेटतो तो फ्रॉड कसा असेल? ही माझी अक्कल. लिहून ठेवा, समोर येऊन भेटणारेही चोर असतात.

14 मे, दुपारी चार, ऊन असं की डांबर चपलेला चिकटून राहिलं होतं. पोरगा तिशीचा, केस बारीक कापलेले, गळ्यात निळी दोरी आणि त्याला आयकार्ड, पण कार्ड उलटं. (उलटं!) म्हणे वायुसेनानगरला पोस्टिंग आहे, बदली झाली, जवळचा माल काढून टाकायचाय. बोलायला एकदम नम्र. चहाचे पैसेही त्यानेच दिले. गॉगल काढला, सोनेरी तारेची फ्रेम, काचा हिरवट. खरी काच, ठोकून पाहा म्हणाला, मी ठोकून पाहिली, काचच होती. सोबत एक कार्ड होतं, नुसतं पाहिलं तर करडं, गॉगल लावून पाहिलं की आत मासा दिसायचा. मी म्हटलं वा.

आता जे सांगतोय ते सांगताना माझे कान गरम होतात. मी ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये 26 वर्षं लॅब असिस्टंट होतो. दोन पोलरॉईड घ्यायचे, एक उभा एक आडवा, की पलीकडे अंधार, हे मी किती बॅचेसना दाखवलं असेल देव जाणे. तर ॲडव्हान्स द्यायला मी क्यूआर स्कॅन करून राहिलो होतो, गॉगल माझ्या डोळ्यावरच, उन्हात काही दिसेना म्हणून फोन जरा तिरपा केला आणि स्क्रीन काळीकुट्ट. पूर्ण. फोन सरळ केला तर परत आली. तो हसून म्हणाला, "पाहा काका, याला म्हणतात पोलराईज्ड." आणि मीही हसलो! अरे, डोळ्यासमोर स्क्रीन काळी होऊन राहिली, हाच गॉगल घालून पोरगी विमानात बसणार, तिच्यासमोर पण स्क्रीनच असणार ना? हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. 26 वर्षं पोरांना शिकवलं ते माझ्याच डोळ्यावर चढून बसलं होतं आणि मी खूश होतो.

दुसरी गोष्ट तिथेच. फोन सरळ झाल्यावर क्यूआरवर नाव आलं ते कोणत्या तरी किराणा स्टोअर्सचं. विचारलं तर म्हणे वहिनीचं दुकान आहे, माझ्या अकाउंटला लिमिट आहे. बरं म्हटलं. 4,000 रुपये गेले. हा म्हणे डेमो पीस आहे, तुम्हाला सीलपॅक कुरिअरने येईल, बाकीचे 9,800 माल आल्यावर कुरिअरवाल्याला द्या. म्हणजे पाहिला एक आणि घेतला दुसरा. भाजी घेताना मी वांगं उलटं करून देठ पाहतो, आणि इथे...

17 तारखेला फोन, कस्टममध्ये अडकलं, 2,350 भरा, रिफंडेबल आहे. आता एअरफोर्सचा सरप्लस माल नागपुरातच आहे तर कस्टम कुठलं? विचारलं नाही. भाची 24 ला निघणार होती, मला घाई होती, आणि 4,000 आधीच अडकले होते. हे लोक तुमच्या अडकलेल्या पैशावरच खेळतात, पहिला हप्ता म्हणजे गळ. भरले. 20 ला पार्सल आलं, कुरिअरवाला म्हणाला आधी पैसे मग डबा, 9,800 दिले. डबा झकास, कातडी केस, पुसायचं फडकं, सर्टिफिकेट. 21 ला परत मेसेज, लाईफटाईम वॉरंटी रजिस्ट्रेशन 1,999. भरले. हो, भरले, टिकाऊ पाहिजे होता ना! एकूण 18,149 रुपये. माझी पेन्शन किती हे विचारू नका.

23 ला भाची आली. मी मोठ्या थाटात डबा दिला. तिने उघडला, काडी पाहिली, काच पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. पोरगी गुणाची, लगेच काही बोलली नाही. मीच विचारलं, कसा आहे, पोलराईज्ड आहे बरं. तर हळूच म्हणाली, "मामा, आम्हाला पोलराईज्ड नको म्हणून सांगतात."

मग तिने समजावलं आणि मला वाटलं जमीन फाटावी. कॉकपिटमध्ये डिस्प्ले असतात, पोलराईज्ड काचेतून ते कोनाप्रमाणे अंधुक नाहीतर काळे दिसतात. समोरची विंडशील्ड थरांची असते, तिच्यावर पट्टे पट्टे दिसायला लागतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या विमानाच्या पंखावरून जी चमक येते, जी पाहून कळतं की तिकडे कोणीतरी आहे, ती चमकच हा गॉगल मारून टाकतो. अमेरिकेच्या एफएएचं (तिथलं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) पायलटांच्या गॉगलवर पत्रकच आहे, त्यात हे सगळं आहे, फुकट आहे, मी 18,149 च्या आधी ते वाचू शकलो असतो. उन्हात आपोआप काळे होणारे चष्मे पण त्यात फारसे कामाचे नाहीत म्हटलेत, कारण ते यूव्हीने (अतिनील किरणांनी) काळे होतात आणि बरंचसं यूव्ही तर विंडशील्डच अडवते, म्हणजे आत बसल्यावर नीट काळे होत नाहीत, आणि झाले तर उजळायला वेळ लावतात. काच राखाडी असावी, रंग बदलत नाहीत, उजेड साधारण 15 टक्के तरी आत यावा, त्याहून काळी नको. पॉलीकार्बोनेट असली तर फुटून डोळ्यात जायची भीती कमी. आणि काड्या बारीक, सरळ, नाहीतर हेडसेटच्या गादीखाली फट पडते, आवाज आत येतो आणि तासाभरात कानशिलं दुखायला लागतात. माझ्या गॉगलच्या काड्या पोह्याच्या चमच्याएवढ्या रुंद होत्या, कानामागे आकड्यासारख्या वळलेल्या.

मी तरी म्हटलं, असू दे, बाहेर घालशील, चांगला तर आहे. म्हणून कॅल्क्युलेटर आणला दाखवायला. गॉगल त्याच्यासमोर धरला, फिरवला, आडवा केला, उभा केला. आकडे जसेच्या तसे. काही काळं होईना. म्हणजे जी गोष्ट नको होती तिच्यासाठी मी पैसे मोजले आणि ती पण त्यात नव्हती! डेमोतला पोलराईज्ड होता, हा नव्हता. दातावर हलकंच ठोकून पाहिलं तर प्लास्टिकचा टप टप आवाज.

आणि काचेच्या कडेला बारीक कोरलेलं होतं बीएल. सर्टिफिकेटवर मॅन्युफॅक्चर्ड 2023. आता ज्यांना माहीत आहे ते इथे कपाळावर हात मारतील. पायलटचा हा एव्हिएटर गॉगल मूळ बॉश अँड लोम्ब (बीएल) कंपनीचा, रेबॅन नावाने, 1937 चं पेटंट, ते खरं. पण कंपनीने रेबॅन ब्रँड 1999 मध्ये इटलीच्या लक्झोटिकाला विकला, त्यानंतरच्या काचांवर आरबी असतं. 2023 चा बीएल म्हणजे 2023 ची अँबेसेडर गाडी. हे मला भाचीने गुगल करून दोन मिनिटांत दाखवलं. डेमोवर काय कोरलं होतं ते मी पाहिलंच नाही, मी मासा पाहून राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी बर्डीवर ओळखीच्या चष्मेवाल्याकडे गेलो, त्याने मशीनवर लावला. यूव्ही 400 चं (म्हणजे यूव्ही पूर्ण अडवतो असं सांगणारं) स्टिकर होतं, मशीन म्हणे यूव्ही बऱ्यापैकी आत येऊन राहिलं. गडद काच आणि यूव्ही आत म्हणजे साध्या डोळ्यापेक्षा वाईट, अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत जातात. वरती तर, त्या एफएएच्या पत्रकाप्रमाणे, दर हजार फुटाला यूव्ही साधारण 5 टक्के वाढतं. हा गॉगल मी पोरीला डोळ्यावर लावायला देणार होतो. पैशाचा राग एकीकडे, पण हे आठवलं की झोप उडते. मशीन बऱ्याच चष्मेवाल्यांकडे असतं, दोन मिनिटांचं काम, महागडा गॉगल घेतला असेल तर आजच जाऊन लावून घ्या.

आता पोलीस. पहिल्या ठाण्यात गेलो तर विचारलं भेटले कुठे, शंकरनगरला? मग आमची हद्द नाही. दुसऱ्या ठाण्यात गेलो, ते म्हणे पैसे घरून पाठवले ना, मग घराजवळच्या ठाण्यात जा. मी म्हटलं साहेब, नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173 आहे, हद्द कोणतीही असो तक्रार घ्यावीच लागते. तर म्हणे "काका, वकील आहे का तुम्ही?" एकाने तर गॉगल पुरावा म्हणून मागितला, लावला, मोबाईलमध्ये स्वतःला पाहिलं आणि म्हणाला, "चांगला दिसते ना, काय वाईट आहे?" तिथे मला रडू यायचं बाकी होतं. तिसऱ्या फेरीला अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारून दिला, शिक्का असा की तारीख वाचता येत नाही. फोन करू म्हणाले. केला नाही. मी केला तर साहेब बंदोबस्तात. चार वेळा बंदोबस्तात. एवढा बंदोबस्त नागपुरात असता तर हा पोरगा शंकरनगरला उभा राहिला असता का?

बँक त्याहून वर. "सर, पिन तुम्हीच टाकला ना?" हो मीच टाकला. "मग ट्रान्झॅक्शन ऑथराईज्ड आहे." अरे चोराने सुरा दाखवून पाकीट मागितलं तरी पाकीट मीच काढून देतो, ते पण ऑथराईज्डच का? किराणा स्टोअर्सचं ते अकाउंट कोणाचं ते तरी सांगा म्हटलं, तर ग्राहकाची गोपनीयता. त्याची गोपनीयता! कुरिअरवाले म्हणे आम्ही फक्त डबा पोचवतो. पाठवणाऱ्याचा पत्ता विचारला तर डब्यावर आहे म्हणाले, डब्यावर पत्ता इतवारीतला, गेलो, तिथे आटाचक्की निघाली. चक्कीवाला बिचारा म्हणे तुम्ही तिसरे.

तिसरा! म्हणजे माझ्याआधी दोन येऊन गेले आणि कोणी कुठे एक ओळ लिहिली नाही. लाज वाटली असेल. मलाही वाटते.

1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) फोन पहिल्या तासातच करायचा असतो, पैसे पुढच्या अकाउंटला सरकायच्या आत, तेव्हाच होल्ड लागायची शक्यता असते. मी दहा दिवसांनी केला. ग्राहक आयोगात पाच लाखापर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि तुम्ही राहता तिथेच करता येते, पण समोरच्याचा पत्ता लागतो, माझ्याकडे आटाचक्की आहे. म्हणून पैसे द्यायच्या आधी बिल मागा, जीएसटी नंबर मागा, तो पोर्टलवर टाकून पाहा. क्यूआरवर दुसऱ्याचं नाव आलं की वहिनी असो की मावशी, तिथून उठा. कार्ड उलटं लटकलेलं असेल तर सरळ करायला लावा. जो पीस हातात घेतला तोच पिशवीत टाका. आणि हो, रिफंडेबल शब्द ऐकला की फोन कट.

आता अकरा दिवसांत त्या गॉगलची हालत सांगतो, कारण टिकाऊपणाची अट माझीच होती ना. रागाने मीच घालून फिरलो. नाकाजवळची तार घामाने हिरवी पडली, नाकावर दोन हिरवे ठिपके. डाव्या काडीचा स्क्रू धंतोलीत कुठेतरी पडला, तिथे आता सेफ्टी पिन आहे. लाईफटाईम वॉरंटीच्या नंबरवर फोन केला तर तो नंबर एका मुंबईच्या बाईंचा, त्या माझ्यावरच ओरडल्या.

भाचीने गोंदियाला जायच्या आधी स्वतःच चष्मेवाल्याकडून घेतला, राखाडी, पॉलीकार्बोनेट, बारीक काडी, पक्कं बिल, 2,800 रुपये. म्हणे मामा, मोठा ब्रँड पण चालतो, पण मला सध्या हाच पुरे. पैसे मी देतो म्हटलं तर हसली.

तिच्या आईला, म्हणजे आमच्या ताईला, मी आकडा पाच हजार सांगितलाय. ती फेसबुकवर असते. तिच्या ओळखीचं कोणी हे वाचत असेल तर कृपा करून तिला टॅग करू नका.