पुण्यातील ए.ए. मीटिंग: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी पुण्यात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे ज्याला सगळे ए.ए. म्हणतात त्या, दारू सोडू इच्छिणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या संघटनेच्या, मराठी मीटिंगला नियमितपणे जात आहे. स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी असा समूह शोधणाऱ्यांना उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे लिहितो. नाव देत नाही, कारण जाहीर लिहिताना सभासदाने अनामिक राहावे, ही तिथली परंपराच आहे.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. मीटिंग म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर थरथर, घाम आणि झोप उडणे इथपासून फिट येणे, भ्रम होणे इथपर्यंत काहीही होऊ शकते आणि प्रसंगी ते जिवावर बेतते. त्यामुळे मी आधी मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो, त्यांच्या देखरेखीखाली दारू थांबवली आणि मगच मीटिंगचा रस्ता धरला. घरी राहून हे जमणार नसेल, त्यांच्यासाठी पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. नवऱ्याच्या नकळत चहात किंवा आमटीत दारू सोडवण्याच्या गोळ्या मिसळण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. त्यानंतर तो प्यायला, तर त्याच्या जिवाला धोका असतो.

समूह शोधणे वाटते तितके सरळ नाही. यादीत जो पत्ता असतो, तिथली जागा कधी बदललेली असते, कधी वार बदललेला असतो, आणि समूहांची नावे अशी असतात की दारावरून जाणाऱ्याला आत काय चालते याचा पत्ता लागू नये. त्यामुळे आधी फोन करून विचारावे. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे. उपचारकेंद्रातील समुपदेशकांनाही जवळचे समूह ठाऊक असतात. अनेक मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये भरतात, म्हणून काही घरांत उगाच शंका घेतली जाते. धर्माशी त्याचा संबंध नाही. तिथे खोली मिळते, एवढेच. भाषेची मात्र नीट चौकशी करावी. मी आधी एका इंग्रजी समूहात बसत होतो, समजत सगळे होते, पण बोलताना माझ्या तोंडून कार्यालयातील अहवाल वाचल्यासारखी वाक्ये येत असत. ‘घरी आलो की आई देवघराचं दार ओढून घ्यायची’ हे मी मराठी मीटिंगमध्येच बोलू शकलो.

आमचा समूह एका शाळेच्या वर्गात भरतो. बाक पाचवीच्या मुलांच्या मापाचे असल्याने साठीतले गृहस्थही गुडघे तिरके करून बसतात. भिंतीवर ए.ए.च्या बारा पायऱ्या (सभासदाने व्यसनातून सावरण्यासाठी) आणि बारा परंपरा (समूह चालवण्यासाठी) यांचे फलक अडकवले जातात, चहा होतो, मग एकेक जण नाव सांगून, आपण मद्यपी आहोत असे म्हणून बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्येच कोणी सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. आपल्याकडे चार माणसे जमली की सल्ल्यांचा पाऊस पडतो, त्या मानाने ही शिस्त अपूर्वच. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, तीत ज्याला जमेल त्याने टाकावे. सभासद होण्याची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा.

पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, तो ‘आपापल्या समजुतीप्रमाणे’ या शब्दांसह. देव न मानणारे समूहालाच ती जागा देतात. आमच्यातील एकांनी वारकऱ्यांची माळ घातली आहे आणि माळ असतानाही ते मीटिंगला येतात. माळ आणि मीटिंग यांत त्यांना विरोध दिसत नाही.

मला खरा उपयोग झाला तो संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळेचा आणि फोन नंबरांच्या कागदाचा. प्यायची वेळ नेमकी तीच असे. गटारी अमावस्येला जुन्या मित्रांचे फोन येऊ लागले, तेव्हा मी त्या कागदावरचा एक नंबर फिरवला. पलीकडच्या माणसाने उपदेश केला नाही, ‘जेवलात का? आधी जेवून घ्या’ एवढेच म्हटले. पोट भरल्यावर तलफ खरोखरच उतरते, हे मला कोणत्याही डॉक्टरने इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते.

उणिवाही आहेत. त्याच त्या कहाण्या पुनःपुन्हा ऐकाव्या लागतात आणि काही वक्त्यांना आपल्या पिण्याच्या दिवसांचे वर्णन आवरत नाही. स्त्रिया फारच थोड्या दिसतात. आमच्यासारख्या पुरुषांनी भरलेल्या वर्गात एखादी बाई एकटी येऊन बोलेल, अशी अपेक्षा करणेही अवघड आहे. सर्वांत गंभीर म्हणजे, एका समूहात एक ज्येष्ठ सभासद नव्या मुलाला ‘मानसोपचाराच्या गोळ्या हीसुद्धा नशाच’ असे सांगत होते. ए.ए.ची स्वतःची भूमिका तशी नाही. औषधांचा निर्णय डॉक्टरांचा, असेच तिथले साहित्य सांगते. असा समूह मी तरी सोडला असता, आणि सोडलाच.

म्हणून एका मीटिंगवरून मत बनवू नये. दोन-तीन समूहांत निदान महिनाभर बसून पाहावे. घरच्यांना ओपन मीटिंगला येता येते, क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. पत्नीने मात्र माझ्याबरोबर येण्याऐवजी कुटुंबीयांसाठीच्या अल-अनॉनच्या मीटिंगला जाणे पसंत केले. तिथे काय बोलणे होते ते ती मला सांगत नाही आणि मीही विचारत नाही.