सायकलच्या पार्ट्सचा कोड आणि बनावट ॲडव्हान्स रूलिंग

बाहेरून सायकली मागवणाऱ्या छोट्या दुकानदारांनी हे जरूर वाचावं. वाशीत बसून कस्टम्स कन्सल्टंट म्हणवणाऱ्या एका माणसाने आम्हाला फसवलं, आणि तो आता ठाण्यातल्या इतर दुकानदारांकडेही जातोय.

आमचं दुकान नौपाड्यात. आयात मालाला टॅरिफमध्ये, म्हणजे ड्युटीच्या दरपत्रकात, एक कोड असतो आणि त्यावरून ड्युटी ठरते. ॲडव्हान्स रूलिंग म्हणजे माल आणण्याआधीच त्याचा कोड कोणता ते सांगणारा कस्टम्सचा आदेश. तो म्हणाला, "ताई, सायकल सुटी करून आणा. अख्खी सायकल 8712 मध्ये, पार्ट्स 8714 मध्ये, ड्युटी कमी. तुमच्या नावाने ॲडव्हान्स रूलिंग काढून देतो, मग कुणी हात लावणार नाही." फी आधीच घेतली. यथावकाश आदेशाची पीडीएफ आली, पहिल्या पानावर आमच्या फर्मचं नाव.

न्हावा शेव्याला माल तपासणीला लागला. खोकी फोडली तर फ्रेम, फोर्क, हँडल, चाकं, सीट, पेडल, सगळं जेवढ्यास तेवढं. तिथेच कोड 8712 झाला. टॅरिफचा अर्थ लावायचे सहा सर्वसाधारण नियम आहेत. त्यातला 2(अ) स्पष्ट आहे: पूर्ण वस्तू सुटी करून आणली तरी ती पूर्ण वस्तूच धरायची. एखाददुसरा भाग कमी असला तरी मूळ रूप सायकलचं दिसत असेल तर सायकलच. नुसती पेडल किंवा सीट मागवली तर 8714 बरोबर. टायर तर त्यातही नाहीत, ते 4011 मध्ये.

मग आदेश नीट तपासला. दुसऱ्या पानापासून टाइपच वेगळा, आणि आतला माल फक्त पेडल आणि सीट! दुसऱ्याच अर्जदाराच्या आदेशाला आमच्या नावाचं पान जोडलेलं. असा आदेश खरा असता तरी कस्टम्स कायद्याच्या कलम 28जे प्रमाणे तो मूळ अर्जदारापुरताच लागू.

कलम 17 खाली कोड जाहीर करतो तो आयातदार, त्यामुळे फरकाची ड्युटी आणि व्याज आमच्याकडे मागितलं. जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं तर 114ए खाली ड्युटीइतका दंडही बसतो. तो लागू नये म्हणून बनावट आदेश आणि फी भरल्याचे पुरावे उत्तरासोबत जोडलेत. सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं) भाडं चढत राहिलं, ते वेगळंच.

पोलिसांत तक्रार दिली आहे. तुमच्याकडेही असा आदेश आला असेल तर पानं जुळतात का, मालाचं वर्णन तुमचं आहे का, ते आजच बघा आणि माल निघण्याआधी परवानाधारक कस्टम्स ब्रोकरला (पूर्वीचा सीएचए) दाखवा.